वेळ वाचण्यात जात नाही, शोधण्यात जातो

ताई,
मी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करतेय. पुढच्या शिक्षणासाठी मला ॲकॅडमिक रीडिंगमध्ये (वाचनाच्या पेपरात) नऊपैकी 7 बँड, म्हणजे श्रेणी, हवा आहे. रोज एक पेपर सोडवते, पण 40 पैकी 25-26 च्या पुढे गाडी सरकतच नाही. तिसरा पॅसेज दर वेळी अर्धा राहतो. ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हनमध्ये (दिलेलं विधान पॅसेजप्रमाणे बरोबर, चूक, की त्याबद्दल पॅसेजमध्ये काही नाहीच) तर पार गोंधळ उडतो. क्लासचे सर म्हणतात, आधी पॅसेज पूर्ण वाच. मैत्रीण म्हणते, पॅसेज वाचूच नकोस, थेट प्रश्नांवर जा. कुणाचं ऐकू? आणि स्पीड रीडिंगचा कोर्स लावू का? परीक्षेला सहा आठवडे उरलेत.
– एक गोंधळलेली वाचक

कोर्स लावू नकोस. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जरा लांबलचक आहेत, पण हे एक आधीच सांगून टाकते, म्हणजे तेवढे पैसे तरी वाचतील.

आधी थोडा हिशोब करू. या पेपरातल्या तीन उताऱ्यांचे मिळून साधारण 2,150 ते 2,750 शब्द असतात. मोठा आकडा धरू. इंग्रजी ज्यांची पहिली भाषा आहे अशी मोठी माणसं मनातल्या मनात माहितीपर मजकूर वाचतात तेव्हा त्यांचा वेग सरासरी मिनिटाला 240 शब्दांच्या आसपास असतो. तुझा वेग 150 धरू, म्हणजे बऱ्यापैकी सावकाश. तरीही तिन्ही उतारे पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकदा वाचायला तुला 18-19 मिनिटं लागतील. पेपर 60 मिनिटांचा आहे. म्हणजे 40 प्रश्नांसाठी 40 मिनिटं शिल्लक राहतात. मग तिसरा उतारा अर्धा का राहतो?

कारण तू उतारा एकदा वाचत नाहीस. पाचव्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वरून खाली जातेस, सापडत नाही म्हणून पुन्हा वर येतेस, सहाव्यासाठी तीच फेरी, सातव्यासाठी आणखी एक. एकच उतारा चार-पाच वेळा डोळ्यांखालून जातो आणि एकदाही धड वाचून होत नाही. तू पत्रात हे लिहिलेलं नाहीस, पण 25-26 वर अडकलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं दुखणं हेच असतं. वेग दुप्पट झाला तर या फेऱ्या दुप्पट वेगाने होतील, एवढंच. शिवाय वाचनाचा वेग एका मर्यादेपलीकडे ताणला की आकलन घसरतं, त्याला जादूची युक्ती नाही, हे कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सविस्तर मांडलं आहे. डोळ्यांच्या हालचाली आणि वाचन हा रेनर यांचा आयुष्यभराचा अभ्यासविषय होता, त्यामुळे मी जाहिरातींपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवते.

आता तुला गाठायचं किती आहे तेही बघ. ॲकॅडमिक रीडिंगमध्ये 23 उत्तरं बरोबर आली की साधारण 6 बँड, 30 ला 7 आणि 35 ला 8. पेपर किती अवघड निघतो त्यानुसार एखाद्या गुणाने इकडेतिकडे होतं. म्हणजे तुला हवेत फक्त चार-पाच गुण. ते सगळ्यात कठीण प्रश्नांतून मिळवायचे नाहीत. जे प्रश्न तुला येतात पण पोचेपर्यंत वेळ संपतो, आणि जे समजूनही निष्काळजीपणाने जातात, त्यांत ते पडलेले आहेत.

सर की मैत्रीण? दोघंही अर्धे बरोबर आहेत. सरांच्या पद्धतीत उतारा पूर्ण वाचून होतो, पण काय शोधायचंय ते माहीत नसतं, त्यामुळे प्रश्न आले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मैत्रिणीच्या पद्धतीत शोधायचं काय ते माहीत असतं, पण कुठे ते माहीत नसतं. मी सांगते ते असं. शीर्षक, त्याखालची ओळ असली तर ती, आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य: एवढं एका मिनिटात नजरेखालून घाल. उतारा कशाबद्दल आहे आणि साधारण कुठे काय आहे, इतकंच कळायला हवं. मग प्रश्नांच्या पहिल्या गटातले तीनच प्रश्न वाच. तीन, कारण त्याहून जास्त डोक्यात राहत नाहीत. ते मनात ठेवून उतारा सुरुवातीपासून नीट वाचायला लाग, स्किमिंग (वरवर नजर फिरवणं) नाही, खरं वाचन. पहिल्या प्रश्नाची जागा आली की थांब, उत्तर लिही, पुढचा एक प्रश्न डोक्यात घे, वाचन तिथूनच पुढे चालू. मागे जायचं नाही.

हे जमतं, कारण बऱ्याच प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं उताऱ्यात त्याच क्रमाने येतात. ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हन, येस-नो-नॉट गिव्हन, बहुपर्यायी, वाक्य पूर्ण करा, वाक्याचे दोन तुकडे जोडा, एक-दोन शब्दांत उत्तर द्या: हे सगळे क्रमाने चालतात. आठव्याचं उत्तर तिसऱ्या परिच्छेदात सापडलं आणि दहाव्याचं पाचव्यात, तर नवव्याचं या दोघांच्या मधेच कुठेतरी आहे. तिथे नाही सापडलं तर शेवटच्या परिच्छेदापर्यंत धावण्यात काही अर्थ नाही. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडली तरी तुझ्या निम्म्या फेऱ्या बंद होतील.

क्रम न पाळणारे प्रकारही आहेत. सारांशातल्या गाळलेल्या जागांचा क्रम कधीकधी बदललेला असतो, पण सारांश बहुधा उताऱ्याच्या एकाच भागावर बेतलेला असतो, त्यामुळे तो भाग सापडला की काम सोपं होतं. परिच्छेदांना मथळे द्या या प्रकारात प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की लगेच त्याचा मथळा ठरव, सगळे वाचून शेवटी ठरवायला बसू नकोस. दोन मथळ्यांत घुटमळत असशील तर दोन्ही लिहून पुढे जा, पुढच्या परिच्छेदात त्यातला एक आपोआप कटतो. आणि 'अमुक माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' हा प्रकार नेहमी सगळ्यात शेवटी कर, छापील पेपरात तो पहिला असला तरी. तो सगळ्यात वेळखाऊ आहे. पण बाकीचे प्रश्न सोडवताना तुझा उतारा वाचून झालेला असतो, त्यामुळे तोवर यातली निम्मी उत्तरं तुला ओळखीची झालेली असतात. प्रश्न कुठल्याही क्रमाने सोडवले तरी चालतात, हे कित्येक मुलं विसरतातच.

आता नॉट गिव्हन. इथे जरा जास्त वेळ घालवते, कारण तुझे दोन-तीन गुण नक्की इथेच जातात.

समज उताऱ्यात असं आहे: 'मेंडेलीव्हने 1869 मध्ये मूलद्रव्यांची आवर्तसारणी प्रसिद्ध केली. तीत त्याने काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या. 1875 मध्ये गॅलियम सापडलं आणि त्यातली एक जागा भरली.'

यावर चार विधानं. पहिलं: सारणी प्रसिद्ध झाली तेव्हा ती पूर्ण भरलेली नव्हती. हे ट्रू. उताऱ्यात 'पूर्ण भरलेली नव्हती' हे शब्द नाहीत, पण रिकाम्या जागा म्हणजे तेच. दुसरं: रिकाम्या जागा नजरचुकीने राहिल्या होत्या. हे फॉल्स, कारण 'मुद्दाम' हा शब्द त्याच्या थेट विरोधात उभा आहे. तिसरं: गॅलियम सापडल्यावर इतर शास्त्रज्ञांचा सारणीवरचा विश्वास वाढला. वाचून वाटतं, वाढलाच असणार. पण उताऱ्यात विश्वासाबद्दल अवाक्षर नाही. नॉट गिव्हन. चौथं: मेंडेलीव्ह रशियन होता.

या चौथ्यावर हुशार मुलं पडतात. मेंडेलीव्ह रशियन होता, हे शाळेतच शिकलेलं असतं, मग ट्रू! पण उताऱ्यात ते कुठे आहे? नाही. म्हणून नॉट गिव्हन. या परीक्षेत खरं-खोटं जगात बघायचं नाही, छापलेल्या ओळींत बघायचं. ज्या विषयाची तुला चांगली माहिती आहे त्यावरचा उतारा आला तर खूश होऊ नकोस, उलट जपून राहा.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांतला गोंधळ सोडवायला मी एकच कसोटी वापरायला सांगते. हे विधान खोटं ठरवणाऱ्या शब्दाखाली मला पेन्सिलीने रेघ मारता येते का? येत असेल तर फॉल्स. रेघ मारायला शब्दच मिळत नसेल आणि 'म्हणजे मग त्याचा अर्थ असा होतो की...' अशी वाक्यं मनात जुळवायला लागत असतील, तर नॉट गिव्हन. 'सगळे', 'बहुतेक', 'काही', 'फक्त', 'पहिला', 'नेहमी' अशा शब्दांवर विशेष लक्ष ठेव. उताऱ्यात 'काही पक्षी' असेल आणि विधानात 'बहुतेक पक्षी', तर विषय जुळतो, पण विधान जुळत नाही. तुलनाही अशीच फसवते. उताऱ्यात दोन पद्धतींचं वर्णन असतं, विधानात 'पहिली दुसरीपेक्षा स्वस्त' असतं, आणि किमतीची तुलना उताऱ्यात कुठेच केलेली नसते.

येस-नो-नॉट गिव्हनला हीच कसोटी लाव, फक्त तिथे लेखकाचं मत विचारलेलं असतं. उताऱ्यात लेखकाने दुसऱ्या कुणाचं मत सांगितलं असेल तर ते त्याचं स्वतःचं मानू नकोस.

नॉट गिव्हनचा आणखी एक त्रास म्हणजे जे नाहीच ते शोधत मुलं पाच-पाच मिनिटं घालवतात. क्रमाचा नियम इथे कामी येतो. आधीच्या आणि नंतरच्या प्रश्नाच्या जागा पक्क्या झाल्या, मधला भाग एकदा शांतपणे वाचला, तरी काही मिळालं नाही? नॉट गिव्हन लिही आणि चालू लाग.

शोधायचे शब्द कोणते हेही शिकायला लागतं. प्रश्नातले साधे शब्द उताऱ्यात तसेच मिळणार नाहीत. प्रश्नात 'इन्कम' असेल तर उताऱ्यात 'अर्निंग्ज', प्रश्नात 'रिड्यूस' तर उताऱ्यात 'कट बॅक'. उलट प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा दिसला की सावध हो, बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या पर्यायाला असं आमिष लावलेलं असतं. नजर टाकून शोधायचं तर माणसांची नावं, गावांची नावं, शास्त्रीय संज्ञा, सनावळ्या. या सहसा बदलत नाहीत. आकडे मात्र कधीकधी वेश बदलतात: '50 टक्के' चं 'हाफ' होतं, '1840' चं 'नाइन्टीन्थ सेंच्युरी'.

गाळलेल्या जागांबद्दल थोडक्यात. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' म्हटलं असेल तर तीन शब्द लिहिलेलं उत्तर चूक, अर्थाने कितीही बरोबर असलं तरी. जोडरेघेने जोडलेला शब्द एकच धरतात. उताऱ्यातून शब्द घ्यायचा असेल तर तो जसाच्या तसा घे. स्पेलिंग चुकलं की गुण गेला, आणि शब्द समोर छापलेला असताना स्पेलिंग चुकवणं हा शुद्ध अपव्यय आहे. लिहून झालं की पूर्ण वाक्य एकदा वाचून बघ, व्याकरणात बसतं का. एकवचन-अनेकवचनाचे गुण इथेच वाचतात.

वेळेचं म्हणशील तर 20-20-20 ही वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे, पण मला ती पटत नाही. उतारे साधारणपणे सोप्याकडून अवघडाकडे जातात आणि गुण मात्र सगळ्या प्रश्नांना एकेकच. पहिल्याला 16, दुसऱ्याला 19, तिसऱ्याला 22 आणि शेवटची 3 मिनिटं रिकाम्या जागा भरायला, अशी माझी वाटणी असते. तुझे आकडे सरावातून थोडे बदलतील. न बदलणारी गोष्ट एकच: वेळ संपली की उतारा सोडायचा, दोन प्रश्न राहिले असले तरी. तिसऱ्या उताऱ्यातही दोन-तीन प्रश्न सोपे असतात, आणि पहिल्यातल्या एका हट्टी प्रश्नापायी तू रोज ते घालवतेस. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही. कागदावर परीक्षा देणार असशील तर रीडिंगला उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, थेट उत्तरपत्रिकेवरच लिहीत जा. एखादा प्रश्न सोडून पुढे जाताना त्या क्रमांकाची जागा सोडलीस ना, ते बघ. खालची सगळी उत्तरं एका ओळीने वर सरकण्याइतका चीड आणणारा प्रकार दुसरा नाही.

पहिलं मनात आलेलं उत्तर बदलू नये, असंही तुला कुणीतरी सांगितलं असेल. ते डोक्यातून काढून टाक. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरच्या खाडाखोडी तपासल्या होत्या. जवळजवळ निम्मे बदल चुकीच्या उत्तराकडून बरोबर उत्तराकडे गेलेले होते आणि बरोबरकडून चुकीकडे गेलेले सुमारे पावभाग. बरोबर उत्तर बदलल्याची हळहळ जास्त लक्षात राहते, म्हणून तो समज टिकून आहे. मी फक्त एक अट घालेन: बदलायचं ते नवी ओळ सापडली म्हणून. नुसतं मन कचरतंय म्हणून नको.

आता सहा आठवड्यांचं. रोज एक पेपर सोडवणं आजपासून बंद. मला माहीत आहे, हे ऐकून तुला धडधडेल. पण तू पेपर सोडवतेस, गुण मोजतेस, वाईट वाटून घेतेस आणि दुसऱ्या दिवशी नवा उघडतेस. यात शिकणं होतच नाही, फक्त मोजणं होतं. आठवड्यात दोन पेपर घड्याळ लावून सोडव, तेही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रसिद्ध केलेलेच. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या कित्येक पेपरांत नॉट गिव्हनचे प्रश्न इतके ढिसाळ असतात की त्यांवर सराव करून चांगली समज बिघडते. उरलेले दिवस त्या दोन पेपरांची चिरफाड करायला.

चिरफाड म्हणजे प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर वहीत कारण लिहायचं, आणि 'लक्ष नव्हतं' हे कारण चालणार नाही. कारणं मुळात चारच असतात. ओळ सापडलीच नाही. ओळ सापडली पण कळली नाही. ओळ कळली पण प्रश्न नीट वाचला नव्हता. किंवा सगळं बरोबर होतं आणि स्पेलिंग, शब्दमर्यादा, वेळ यांत गेलं. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ओळ सापडत नसेल तर शब्दांच्या जोड्या कमी पडतायत, प्रश्नातला शब्द आणि उताऱ्यातला शब्द शेजारी-शेजारी लिहून काढ, बाजारातल्या शब्दयाद्या पाठ करण्यापेक्षा या जोड्या जास्त कामाला येतात. ओळ कळत नसेल तर लांब वाक्यं तोडायला शीक: कर्ता कोण, मुख्य क्रियापद कुठलं, 'ऑल्दो' आणि 'अनलेस' नंतरचा भाग कशाला बांधलेला आहे. हे घड्याळ बंद ठेवून, एका दिवशी एकच परिच्छेद घेऊन करायचं. प्रश्न नीट वाचला जात नसेल तर प्रश्नातल्या मर्यादा घालणाऱ्या शब्दाला गोल करायची सवय लाव. चौथ्या कारणाला इलाज नुसती शिस्त.

बरोबर आलेली उत्तरंही तपास, विशेषतः अंदाजाने आलेली. ज्या उत्तराची ओळ दाखवता येत नाही ते वहीत चूकच धर. परीक्षेच्या दिवशी तो अंदाज उलटा पडू शकतो.

परीक्षा संगणकावर देणार असशील तर निदान शेवटचे तीन आठवडे सराव पडद्यावरच कर. एका बाजूला उतारा आणि दुसऱ्या बाजूला प्रश्न, दोन्ही स्वतंत्रपणे सरकवायचे, मजकूर निवडून रंगवायचा, हे हाताला आधी माहीत हवं. कागदावर बोट ठेवून वाचायची सवय असलेल्यांना पडद्यावर पहिले दोन पेपर बरेच जड जातात, मग डोळा सरावतो.

दोन आठवडे असं करून बघ. आकडा 28 च्या पुढे हलला नाही, तर वहीतल्या चार कारणांपैकी कुठल्यासमोर किती खुणा झाल्या ते मोजून मला परत लिही. गुण नको कळवूस, त्या खुणा कळव.